पाइप गळतोय? आधी पांढरा डाग शोधा

सांदवाडीत (परसबागेत) पीव्हीसी पाइपांवर, मातीविना खताच्या पाण्यात पालक लावला की आज ना उद्या गळती होतेच. लगेच एमसील थापू नका. खताचं पाणी वाळलं की मागे पांढरा क्षार राहतो. तो डाग वर जिथून सुरू होतो, तिथेच गळती. डाग दिसत नसेल तर पाइप पुसून प्रत्येक जोडाला पेपरची पट्टी गुंडाळा. पाच-दहा मिनिटांत ओली पट्टी सांगते. पाणी रोपांच्या भोकांतूनच सांडत असेल, तर बहुधा मुळांनी पाइप तुंबलाय.

चिकटवलेला जोड गळत असेल तर वरून सॉल्व्हंट (पीव्हीसी चिकटवायचा डिंक) फासून काही होत नाही, मी दोनदा फासून पाहिलंय. तेवढा तुकडा कापा, नवा कपलर (दोन पाइप जोडणारा तुकडा) घ्या. तोंडं पॉलिश पेपरने घासून कोरडी करा, सॉल्व्हंट लावून पाव वेढा फिरवत आत ढकला आणि अर्धा मिनिट दाबून धरा. 24 तास मोटर बंद. काम सकाळीच उरका. दुपारच्या उन्हात सॉल्व्हंट हातातच सुकतं.

आट्यांच्या जोडाला मात्र टेफ्लॉन टेप. आटे आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने पाच-सहा वेढे. उलटी गुंडाळली तर फिरवताना सुटते.

मे महिन्यात तोच जोड पुन्हा गळला तर पाइप धरून ठेवणारे क्लॅम्प बघा. 20 अंशांनी जास्त तापलेला 3 मीटर पाइप सुमारे 4 मिलिमीटर लांबतो, अन् आपल्या वऱ्हाडी उन्हात 20 अंशांचा फरक म्हणजे रोजचंच. एका टोकाचा क्लॅम्प ढिलाच ठेवा.