ट्रॅकवर गाडी घालताय? हेल्मेटच्या या चुका टाळा

ट्रॅक डेच्या, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली कार पळवायला मिळते त्या दिवसाच्या, सकाळी तपासणीच्या टेबलावर हेल्मेट उलटं केलं जातं, आतलं अस्तर बाजूला सारून लेबल शोधलं जातं आणि दर वेळी चार-पाच चेहरे पडतात. गाडीला सेमी-स्लिक टायर, नवे ब्रेक पॅड, ब्रेक फ्लुइड आदल्या दिवशी बदललेलं. डोक्यात घालायला मात्र भावाचं बुलेटवरचं हेल्मेट. एग्झॉस्टला पैसे निघतात, हेल्मेटची वेळ आली की 'पहिल्या वेळेला चालून जाईल' सुरू होतं.

बाइकचं हेल्मेट कारमध्ये

ही चूक सगळ्यात जुनी आणि अजून सगळ्यात जास्त दिसणारी. आयएसआयचा शिक्का म्हणजे आयएस ४१५१, आणि ते मानक दुचाकीस्वारासाठी आहे. त्या कामाला ते हेल्मेट चांगलंच आहे. पण बाइकवाला पडतो तो गाडीपासून सुटून पडतो. डोकं रस्त्यावर, फार तर कठड्यावर आपटतं. कारमध्ये तुम्ही सीटला बांधलेले असता. गाडी उलटली किंवा भिंतीला घासत गेली, तर डोकं रोल केजच्या (गाडीच्या आतल्या लोखंडी पिंजऱ्याच्या) त्याच दांडीवर, त्याच जागी, पुन्हापुन्हा आपटतं. शिवाय पेट्रोलची टाकी तुमच्याच सोबत असते.

म्हणून हेल्मेटांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या स्नेल या अमेरिकी संस्थेची मानकं वेगवेगळी आहेत. 'एम' बाइकसाठी, 'एसए' कारसाठी, 'के' कार्टिंगसाठी. एसएच्या चाचणीत हेल्मेट रोल बारच्या आकाराच्या ऐरणीवर आपटतात, ज्वाळेत धरतात आणि ठरलेल्या वेळात ते आपोआप विझायला लागतं. एम आणि के मध्ये ही आगीची चाचणी नाही. एफआयए, म्हणजे मोटर शर्यतींची जागतिक संघटना, हिच्या मानकांपैकी हौशी माणसाच्या आवाक्यातलं म्हणजे ८८५९. ८८६० हे वरच्या दर्जाच्या शर्यतींसाठी, त्याची किंमतही तशीच. बऱ्याच हेल्मेटांवर एसए आणि ८८५९ अशी दोन्ही लेबलं असतात. तशी मिळाली तर डोळे झाकून तीच घ्या.

(पीट स्नेल हा हौशी रेसर १९५६ साली शर्यतीत गेला, त्याच्या हेल्मेटनं त्याला वाचवलं नाही. पुढच्याच वर्षी त्याच्या मित्रमंडळींनी ही संस्था काढली. हौशी माणसाला एवढं कशाला, असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

आता पुण्याहून गेलेल्या एका पोराची गोष्ट. मुंबई-पुण्याहून कोल्हापूर, बंगळुरू करत चेन्नईला जाणारा जो हायवे आहे, त्याच्याच कडेला श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. हा गडी हजारभर किलोमीटर गाडी हाणत तिथे पोहोचला. हेल्मेट ऑनलाइन घेतलेलं, मागे ठसठशीत स्नेलचं स्टिकर. अस्तर उचललं तर आत काहीच नाही. ना लेबल, ना अनुक्रमांक, ना उत्पादनाची तारीख. स्टिकर कुणीही छापतं. खरं स्नेलचं लेबल आत असतं आणि त्यावर अनुक्रमांक असतो. मॉडेलचं नाव स्नेलच्या प्रमाणित यादीत शोधायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं घरी घालवली असती तर सकाळची दोन्ही सेशनं गेली नसती.

दुपारी त्यानं कुणाचं तरी हेल्मेट उसनं घेतलं. डोकं मीडियमचं, हेल्मेट लार्ज. पहिल्या जोराच्या ब्रेकिंगला हेल्मेट पुढे सरकून भुवयांवर आलं, वळणाचा आतला कोपरा दिसेनासा झाला आणि गाडी बाहेरच्या मातीत गेली. गाडीला काही झालं नाही. पण 'हेल्मेट जरा सैल असलं तरी काय बिघडतं' याचं उत्तर मिळालं, आणि आपली दुसरी चूकही हीच.

'आरामशीर' साइज

शोरूममध्ये हेल्मेट डोक्यात सुळकन गेलं, छान वाटलं, घेतलं. झालं वाटोळं. नवं हेल्मेट सुळकन जायलाच नको. आतला फोम पंधरा-वीस तासांच्या वापरात बसतो. आज बरोबर वाटणारं हेल्मेट तीन ट्रॅक डेनंतर डुलायला लागतं.

मोजमाप असं घ्या. शिंप्याची टेप भुवयांच्या वर अडीच सेंटिमीटरवरून, कानांच्या वरून, मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग पकडून फिरवा. तीनदा मोजा आणि मोठा आकडा धरा. मग त्या कंपनीचाच तक्ता बघा. ५९ सेंटिमीटर एकीकडे मीडियम असतं, दुसरीकडे लार्ज. ट्रॅकवर बालाक्लावा (हेल्मेटखाली घालायची डोकं-तोंड झाकणारी कापडी टोपी) घालणार असाल तर तो घालूनच ट्राय करा.

घालताना दोन्ही पट्टे बाहेरच्या बाजूला ताणून हेल्मेट खाली ओढा. गाल आत दाबले जाऊन तोंड थोडं चंबूसारखं झालं पाहिजे. आता हनुवटीकडचा भाग धरून हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवा: कपाळाची आणि गालाची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली तर बरोबर, हेल्मेट एकटंच फिरलं तर मोठं आहे. मग पट्टा आवळा, मान खाली घाला आणि दुसऱ्या कुणाला तरी हेल्मेटच्या मागच्या खालच्या कडेला धरून पुढे लोटायला सांगा. निघालं तर ते हेल्मेट तिथेच ठेवून या, कितीही सवलत असली तरी.

यानंतरची पायरी कुणीच पाळत नाही. अर्धा तास घालून बसा. दुकानदार बघतो तर बघू दे. कपाळाच्या मधोमध एका जागी दुखायला लागलं तर तुमचं डोकं लांबट आहे आणि हेल्मेट गोल डोक्याचं. मोठी साइज घेऊन हे सुटत नाही, कंपनी किंवा मॉडेल बदलावं लागतं. दोन्ही कानशिलांवर दाब आला तर उलट प्रकार. फक्त गालच दुखत असतील तर पातळ चीक पॅड, म्हणजे गालाकडच्या गाद्या, मिळतात का ते विचारा. चष्मेवाल्यांनी हेल्मेट घालून मग चष्मा सरकवून बघायचा. काड्या सरळ असलेला चष्मा ट्रॅकसाठी वेगळाच ठेवलेला बरा.

आणि शेवटी गाडीत बसून बघा. हेल्मेट घातलं की उंची वाढते, याचा विसर उंच माणसांनाच पडतो. सीट खाली-मागे करून डोक्यावर निदान मूठभर जागा राहिली पाहिजे.

लेबलावरच्या सालाचा घोळ

'एसए २०२०' म्हणजे हेल्मेट २०२० साली बनलं असं नाही. ते मानकाचं साल आहे. तसं हेल्मेट २०२४ मध्येही बनलेलं असू शकतं. उत्पादनाचा महिना-साल वेगळ्या लेबलावर, अस्तराखाली किंवा पट्ट्यापाशी असतं. दोन तारखा, दोन कामं: मानकाचं साल आयोजक बघतो, उत्पादनाचं साल तुम्ही बघायचं.

स्नेल साधारण दर पाच वर्षांनी नवं मानक आणतं. सध्याचं एसए २०२५, त्याआधीचं २०२०, त्याआधीचं २०१५. चालू आणि त्याच्या आधीचं, एवढंच स्वीकारणारे आयोजक बरेच असतात, म्हणून आता कुणी 'एकदाच वापरलंय' म्हणत २०१५ चं हेल्मेट स्वस्तात देऊ लागला तर तो त्याचं अडगळीचं सामान तुमच्या गळ्यात मारतोय. कार्यक्रमाचं नियमपत्रक पैसे भरण्याआधी वाचा. काही ट्रॅक डेंना बाइकचं फुल-फेस चालवून घेतात, काहींना नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या उत्तरावर विसंबू नका.

कधी बदलायचं

हेल्मेटचं खरं काम बाहेरचं चकचकीत कवच करत नाही. आतला ईपीएसचा थर करतो, म्हणजे आपल्या भाषेत दाट थर्माकोल. तो चेंगरून धक्का खातो आणि चेंगरलेला थर्माकोल परत फुगत नाही. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल अंगठ्यानं दाबून बघा, खळगा तसाच राहतो. म्हणून डोकं आत असताना एकदा नीट आपटलं की हेल्मेट संपलं, बाहेर ओरखडा असो वा नसो. गाडी भिंतीला लागली आणि डोकं केजला 'हलकंच' लागलं, यातलं 'हलकंच' ठरवणारे आपण नव्हे.

रिकामं हेल्मेट सीटवरून घरंगळून खाली पडलं तर मात्र लगेच रडायला नको. आत डोक्याचं वजन नसल्यानं थरावर भार कमी येतो. अस्तर काढून थरावर तडा, खळगा, कवचापासून सुटलेली जागा दिसते का बघा. डोक्याच्या उंचीवरून काँक्रीटवर पडलं असेल किंवा शंका असेल तर बदला.

काहीही झालं नाही तरी पाच वर्षांनी बदला, स्नेलची शिफारस तीच आहे. घाम, त्वचेचं तेल, गोंद सुटणं, ऊन हे सगळं हेल्मेट झिजवत असतं. आपल्याकडे त्यात खोबरेल तेलाची भर. डोक्याला तेल थापून हेल्मेट घालू नका, अस्तर काळं आणि कडक होतं ते त्यानंच.

हान्सच्या नावानं केलेले प्रताप

हान्स हे खांद्यांवर बसणारं, मान वाचवणारं उपकरण. त्याचे पट्टे हेल्मेटवरच्या दोन खुंट्यांना अडकतात. एसए २०१५ पासूनच्या हेल्मेटांत त्यासाठी एम६ आट्यांची सोय आधीच असते. जुन्या हेल्मेटला घरच्या ड्रिलनं भोकं पाडणारे महाभाग आहेत. भोक चुकीच्या जागी गेलं की कवच तिथूनच फाटतं. दुसरं, गाडीसोबत आलेल्या तीन बिंदूंच्या सीटबेल्टवर हान्स लावायचं नसतं. ते खांद्यांवरच्या दोन्ही पट्ट्यांखाली दाबलं गेलं तरच काम करतं, म्हणजे दोन्ही खांद्यांवरून येणारा रेसिंगचा पट्टा, हार्नेस, हवाच.

राहिलेलं पटापट

डी-रिंगचा पट्टा दोन्ही रिंगांतून वर, मग बाहेरच्या रिंगवरून वळवून फक्त आतल्या रिंगेतून परत. टोकाचं बटण पट्टा फडफडू नये म्हणून असतं, तो लॉक नव्हे.

वायझरवर घरातल्या आरशाचा स्प्रे मारू नका, अमोनियानं पॉलीकार्बोनेट खराब होतं. ओलं फडकं पाच मिनिटं ठेवा, किडे आपोआप सुटतात.

अस्तर कोमट पाण्यात, लहान मुलांच्या शाम्पूनं धुवा, सावलीत वाळवा. पावसाळ्यात कपाटात ठेवताना आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, नाहीतर बुरशी ठरलेली.

मे महिन्यात डिकीत ठेवू नका. पेट्रोलच्या कॅनशेजारी तर मुळीच नाही.

गल्लीतल्या गॅरेजमधून रंगवून घेऊ नका; थिनर कवच खातो आणि रंग सुकवायच्या भट्टीत थर्माकोल मऊ पडतो.

कॅमेरा हेल्मेटवर नाही, गाडीत लावा.

पॉलिस्टरचा बफ तोंडावर नको, आगीत तो कातडीला चिकटतो. नोमेक्सचा (आगीला दाद न देणाऱ्या कापडाचा) बालाक्लावा नसेल तर साधा सुती.

लहान मुलाला कार्टिंगला पाठवताना मोठ्यांचं हेल्मेट आत कापड कोंबून देऊ नका. मुलांसाठी स्नेलचं सीएमआर हे वेगळं मानक आहे.

आणि हेल्मेट बाद केलं की कात्रीनं दोन्ही पट्टे मुळापासून कापा, कवचावर मार्करनं फुली मारा, मगच भंगारवाल्याला द्या. नुसतं दिलं तर आठवडाभरात ते कुणाच्या तरी स्कूटरवर दिसतं.