सड्यावरची माती आणि खाचरातली माती एका पिशवीत भरू नका

मृग तोंडावर आला आहे. जमीन भिजून गच्च झाली की मातीचा नमुना धड निघत नाही, म्हणून बाकी कामं बाजूला ठेवा आणि उताराच्या वरच्या टप्प्याचा म्हणजे सड्याचा, मधल्या वरकसचा म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीचा, आणि खालच्या भातखाचराचा असे तीन वेगळे नमुने या आठवड्यात काढा.

दरवर्षी हेच चुकतं. तिन्हीकडची माती एकत्र कालवली जाते, अहवालात सामू (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकी माती आंबट) बरा दिसतो, आणि वरच्या टप्प्यातला भुईमूग पोचट निघतो. वेल हिरवागार, आऱ्या (जमिनीत उतरून शेंग धरणारे देठ) भरपूर, शेंग फोडली तर आत दाणा नाही. कॅल्शियम नसतं हो तिथे!

जांभ्याच्या उतारावर पाऊस कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं. वर आपणच राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, टहाळ तोडून खाली नेऊन भाजतो, म्हणजे उरलंसुरलं कॅल्शियमही वरून खाली येतं. सामू 5.5 च्या खाली गेला की ॲल्युमिनियम मुळांची टोकं मारतं आणि घातलेला स्फुरद (फॉस्फरस) मातीतच अडकतो. अशा जागी स्फुरद देणाऱ्या डीएपी खताची आणखी एक गोणी म्हणजे पैसे पाण्यात.

घाटमाथ्यावरच्या मंडळींनी काळसर रंगाला भुलू नये. तिथे गारव्यामुळे पाला हळू कुजतो, म्हणून माती काळी. सामू खालच्याइतकाच असला तरी या मातीला आंबटपणा मोडायला चुना जास्त लागतो. उलट भातखाचरात पाणी साचलं की सामू आपोआप वर चढतो. तिथे चुन्याची घाई नको.

वरच्या टप्प्यात आणि वरकसवर बारीक दळलेला शेतीचा चुना पेरणीच्या ओळीत, हेक्टरी 2 ते 4 क्विंटल, म्हणजे गुंठ्याला 2 ते 4 किलो, दर हंगामाला. शिंपल्यांचा भाजलेला चुना जास्त जोरकस, तो कमी घ्या. दुकानदार 'जमीन सुधारक' म्हणून बाटली पुढे करेल. आंबट जमिनीला किलोंनी कॅल्शियम लागतं, ते बाटलीत मावत नाही. माझा अंदाज असा की बांधावर नेचे माजलेत तिथे चुना हवाच; तरी तपासणी करा.

नमुना असा:
- प्रत्येक टप्प्यात 8-10 जागा, वीतभर खोल
- बांध, उकिरडा, झाडाची सावली टाळा
- सावलीत वाळवून अर्धा किलो

चुना घालताना:
- युरिया, डीएपीत मिसळू नका
- शेणखताबरोबर एकाच वेळी नको
- नाकातोंडाला फडकं

तपासणी राहिलीच, तर वरच्या टप्प्यात चार ओळी चुन्याच्या, चार बिनचुन्याच्या पेरा. काढणीला दोन्हीकडचे वेल उपटा आणि शेंगा फोडून बघा.