सामाईक दोरांचा घोळ असा सुटला

आमच्या संघात मुंबई-ठाण्यातले गुहाशोधक क्लब आहेत. सह्याद्री बेसॉल्टचा, त्यामुळे चुनखडीतल्या खोल गुहांसाठी हिवाळ्यात मेघालय गाठावं लागतं. गुहेत उतरायचे सामाईक दोर कुणी, कसे वापरले याचा पत्ताच नसायचा. सचिव झाल्यावर मी प्रत्येक दोराच्या दोन्ही टोकांना नंबर आणि उत्पादनाचं वर्ष लावलं, दादरला एकच वही ठेवली. आता दोर साध्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून, हातभर-हातभर चाचपूनच जमा होतो. चिखलातली बारीक कच आतले नायलॉनचे धागे कापते, बाहेरून काही दिसत नाही. 10 वर्षं झालेला दोर, न वापरलेला असला तरी, बाद. यावर भांडणं झाली. पण त्यावर कुणाचं तरी पोर लटकणार असतं, तिथे मी ऐकत नाही. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवा, उन्हात नको.