डिस्टोपिया वाचताना इगतपुरी आठवली पाहिजे

आमच्या नाशिकच्या वाचन ग्रुपमधली पोरं डिस्टोपियन कादंबऱ्या, म्हणजे जुलमी, भयाण जगाच्या गोष्टी, धडाधड वाचतात, पण "भारी कल्पना आहे यार" म्हणून पुस्तक मिटतात. तसं नका करू. आधी ते रोबोट, उंच भिंती, सायरन सगळं बाजूला काढा आणि एवढंच बघा की त्यात राबणाऱ्या पोराला आणलं कोणी, किती पैशात, आणि ते पळून का जात नाही. उत्तर बऱ्याचदा साखळदंड नसतं, उचल असते, म्हणजे आईबापाने कामाआधीच घेतलेले पैसे, जे कधी फिटतच नाहीत.

मग शब्द पकडा. कादंबरीतलं सरकार गुलामाला 'सेवक' म्हणतं, आपल्याकडे 'घरच्यासारखाच आहे हो' म्हणतात. सेम ट्रिक!

आता तोच चष्मा लावून २०२२ ची इगतपुरीची बातमी वाचा. कातकरी आदिवासी पोरं मेंढ्या वळायला शेजारच्या नगर जिल्ह्यात धाडलेली, बदल्यात घरी थोडे पैसे नाहीतर एखादी मेंढी, आणि त्यातली एक मुलगी दगावली तेव्हा कुठे हे बाहेर आलं. लेखकाने लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं जरा अतीच केलं. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे बरं का.

वहीत दोन रकाने करा, एकात पुस्तकातला प्रसंग, समोर खरी बातमी, जुळत नसेल तर ओढूनताणून जुळवू नका. आणि ढाब्यावर, वीटभट्टीवर असं राबणारं पोर दिसलं तर फोटो काढून स्टेटसला टाकू नका, १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावा.