एअर रायफलसाठी स्कोप घेताय? झूम नंतर बघा, आधी पॅरलॅक्स

महूला आर्मी मार्क्समनशिप युनिट, इकडे बीएसएफची रेवती रेंज, त्यामुळे इंदूरच्या पोरांना नेमबाजीचं वेड नवीन नाही. पण स्कोप, म्हणजे रायफलीवर बसवायची दुर्बीण, घ्यायला निघालेला प्रत्येकजण मला एकच प्रश्न विचारतो, "काका, किती एक्सचा घेऊ?" एक्स म्हणजे किती पट मोठं दिसणार ते. हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा.

स्पर्धेत उतरायचं असेल तर स्कोप घेऊच नका. १० मीटर एअर रायफल असो की ५० मीटर थ्री पोझिशन, ऑलिंपिक प्रकारांत दुर्बीण चालत नाही. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं ते भिंगाशिवायच्या छिद्राच्या साइटवर. शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे, तेव्हा तो विषयच नको. स्कोप हवा तो सुरक्षित रेंजवर कागदी टार्गेट मारणाऱ्याला.

रायफल स्प्रिंगची असेल तर स्कोप एअरगनसाठीच बनवलेला घ्या. ती आधी मागे आणि लगेच पुढे, असा दुहेरी धक्का देते. मोठ्या रायफलीचे कित्येक महाग स्कोप त्याने आतून ढिले होतात.

आता पॅरलॅक्स. क्रॉसहेअर (नेम धरायची आतली फुली) आणि टार्गेटची प्रतिमा स्कोपच्या आत एकाच पातळीवर नसल्या, की डोळा जरा हलताच क्रॉसहेअर टार्गेटवरून सरकतो. रायफल जागची हललेली नसते, तरी छर्रा भलतीकडे जातो आणि माणूस छऱ्यांना दोष देत बसतो. शिकारीचे साधे स्कोप बहुधा १०० यार्डांवर जुळवलेले असतात. १० मीटरवर त्यांत टार्गेट धूसर दिसतं आणि क्रॉसहेअर पोहतो. म्हणून पुढच्या भिंगावर किंवा बाजूला फिरणारी पॅरलॅक्स रिंग हवीच, आणि ती १० यार्डांपर्यंत खाली यायला हवी. '३-९ × ४०' (३ ते ९ पट झूम, पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं) मोठ्या अक्षरांत छापलंय, पण पॅरलॅक्सचं किमान अंतर कुठेच नाही, असा स्कोप दुकानदार कितीही स्वस्त देवो, परत ठेवा.

दुकानात काउंटरवरून भिंत बघून काही कळत नाही. नुसता स्कोप, रायफलीविना, दाराशी आणा आणि पिशवीवर पक्का टेकवा. पांढऱ्या भिंतीकडे बघत मागची आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) फिरवून क्रॉसहेअर काळाकुळकुळीत करून घ्या. एका वेळी दोन-तीन सेकंदच बघा. जास्त बघितलं की डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि तुम्ही फसता. मग दहा-बारा मीटरवर उभ्या स्कूटरच्या नंबरप्लेटवरच्या 'एमपी ०९' मधल्या नऊवर क्रॉसहेअर आणा, आणि स्कोपला हात न लावता डोकं डावी-उजवीकडे, वर-खाली हलवा. क्रॉसहेअर नऊवरून ढळला तर पॅरलॅक्स रिंग थोडी फिरवून पुन्हा बघा. तो नऊवर खिळून राहील ती जागा खरी. रिंगवर छापलेल्या आकड्यावर माझा अजिबात भरवसा नाही. आपल्या अंतरांच्या खुणा पांढऱ्या टेपवर स्वतः करा. सूर्याकडे चुकूनही रोखू नका, डोळा जाईल.

आता झूम. १० ते ५० मीटरला ४-१२ × ४० पुष्कळ झालं. १२ वरही डोळ्यात येणारा प्रकाशझोत ३.३ मिलिमीटरचा असतो, दिवसा तो पुरतो.

माउंट, म्हणजे स्कोप रायफलीवर धरणारी पकड, रायफलीच्या खाचेप्रमाणे घ्या: बहुतेक एअर रायफलींना ११ मिलिमीटर डवटेल असते. स्प्रिंगवाल्यांनी एकसंध आणि मागे अडवणारी पिन असलेलाच घ्यावा.

झिरो करताना, म्हणजे क्रॉसहेअर आणि छर्रा एकाच जागी आणताना, हिशेब लक्षात ठेवा. स्कोपवरच्या फिरत्या बटणाचा पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर सरकवतो, १० मीटरवर जेमतेम ०.७. म्हणजे एक सेंटिमीटरसाठी चौदा क्लिक लागतात. दोन फिरवून "स्कोप खराब निघाला" म्हणू नका. पहिल्या पन्नासेक छऱ्यांनंतर माउंटचे स्क्रू पुन्हा तपासा.