मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स: दोन हत्यारांची जोडी कशी जमवावी

शिकारीला निघताना एकच हत्यार घ्यायचं, ही मॉन्स्टर हंटर हा राक्षसी प्राण्यांच्या शिकारीचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांची जुनी सवय. २८ फेब्रुवारी २०२५ ला आलेल्या वाइल्ड्स या भागात तो बनवणाऱ्या कॅपकॉमने ती मोडली. इथे दुसरं हत्यार सायक्रेटच्या, म्हणजे आपण ज्याच्यावर बसून फिरतो त्या पिसांच्या प्राण्याच्या पाठीवर असतं आणि ऐन शिकारीत त्याच्यावर बसून ते बदलता येतं.

सोय मोठी आहे, वापर मात्र कमी. गणेशचवथीला मूळ घरी सगळी भावंडं जमली की एकाच कन्सोलवर आळीपाळीने हा खेळ चालतो. तेव्हा बघावं तर दुसऱ्या हत्याराच्या जागेत ज्याचा अटॅकचा आकडा मोठा दिसला ते हत्यार टांगलेलं असतं. गोव्यातल्या साखळी गावच्या एका भाच्याने दोन्ही जागी ग्रेट सोर्ड, म्हणजे अवजड तलवारच लावली होती, तीही दोन्हीकडे बिनएलिमेंटची, म्हणजे आग-पाण्यासारखा गुण नसलेली. म्हापशाच्या दुलेर फुटबॉल मैदानावर दोन गोलकीपर घेऊन उतरावं तसा प्रकार.

मुळात तो आकडाच बघू नका. प्रत्येक प्रकारच्या हत्याराचा आकडा वेगळ्या गुणकाने फुगवून दाखवलेला असतो, त्यामुळे ग्रेट सोर्डचा अटॅक ड्युअल ब्लेड्सच्या, म्हणजे दोन हातांतल्या दोन छोट्या पात्यांच्या शेजारी ठेवून तुलना करण्यात काही अर्थ नाही. एकाच प्रकारातली दोन हत्यारं ताडून बघायची असतील तेवढ्यापुरता तो कामाचा.

पायरी १: मुख्य हत्यार कुठे अडतं ते ओळखा

हत्यारांचे एकूण १४ प्रकार आहेत. त्यातलं हाताला बसलेलं एक मुख्य धरा. मग मागच्या तीन-चार शिकारी आठवा आणि स्वतःला विचारा, नेमकं कधी हात चोळत बसावं लागलं? हॅमरवाल्याचं उत्तर बहुधा असं येईल: रॅथालोस हा पंखवाला मॉन्स्टर वर उडाला की खालून बघत राहायचं. ग्रेट सोर्डवाला म्हणेल, चपळ मॉन्स्टर चार्ज, म्हणजे घावासाठी ताकद साठवणं, पूर्ण होऊच देत नाही. लान्सवाल्याची, म्हणजे भाला-ढालवाल्याची तक्रार असते ती अंतराची. मॉन्स्टर सारखा पळत असेल तर ढाल सावरत त्याच्या मागे जाण्यातच वेळ जातो.

हे उत्तर म्हणजेच दुसऱ्या हत्याराचं काम. ‘मला आवडतं म्हणून’ हे कारण चालेल, पण ते या उत्तरानंतर.

पायरी २: मार कोणत्या जातीचा आहे ते बघा

मार तीन जातींचा असतो: कापणारा, ठेचणारा आणि लांबून लागणारा. नवखे खेळाडू इथेच सगळ्यात जास्त गफलत करतात, म्हणून जरा थांबून बघू.

शेपूट तोडायची तर कापणारा मारच लागतो. हॅमर किंवा हंटिंग हॉर्न अशी ठेचणारी हत्यारं घेऊन शेपटीवर कितीही बडवलंत तरी ती तुटून पडणार नाही, आणि ती पडली नाही तर कोरून सामान काढायची ती एक संधी गेली. खेळातल्या ऑइलवेल बेसिन या भागातला नू उद्रा बघा. ऑक्टोपससारखा, आग ओकणारा. त्याचे हात एकेक करून तोडता येतात. तिथे नुसतं ठेचणारं हत्यार नेणं म्हणजे अर्धी मजा घालवणं. उलट डोक्यावर ठेचणारा मार सतत बसला की मॉन्स्टर गरगरून खाली पडतो आणि सगळ्यांना मोकळं रान मिळतं. ग्रॅव्हिओससारख्या दगडी कवचाच्या प्राण्यावर तलवारीचा शार्पनेस, म्हणजे धार, कमी असेल तर ती उसळून परत येते.

म्हणून मुख्य हत्यार ठेचणारं असेल तर जोडीला कापणारं घ्या, आणि कापणारं असेल तर ठेचणारं किंवा लांबून मारणारं. सोर्ड अँड शील्ड याला थोडं अपवाद आहे, कारण त्याच्या ढालीचा मार ठेचणारा असतो, आणि हत्यार हातात असतानाच औषधही पिता येतं. ज्याला फार डोकं चालवायचं नाही त्याने दुसऱ्या जागेत हे ठेवून द्यावं.

पायरी ३: एलिमेंट आणि स्टेटस

आग, पाणी, वीज, बर्फ आणि ड्रॅगन हे पाच एलिमेंट. कोणाला काय झोंबतं ते मॉन्स्टर फील्ड गाइडमध्ये दिलेलं असतं. निघण्याआधी एकदा उघडाच. क्वेमाट्रिस आणि नू उद्रा पाण्याला घाबरतात, उथ डुना विजेला, लाला बरिना आगीला, आणि स्वतः वीज फेकणारा रे दाऊ बर्फाला.

एलिमेंटचा खरा फायदा भराभर घाव घालणाऱ्या हत्यारांना. ड्युअल ब्लेड्स किंवा बो (धनुष्य) यांच्या प्रत्येक छोट्या घावाबरोबर एलिमेंटचा मार लागतो. ग्रेट सोर्ड मोजकेच पण जड घाव घालतो, त्याला निव्वळ ताकद जास्त मानवते. जड मुख्य आणि चपळ एलिमेंटवाली दुसरी, ही जोडी म्हणूनच सहसा फसत नाही.

स्टेटसचं, म्हणजे विष, लकवा, झोप आणि स्फोट यांचं गणित वेगळं. एकदा लकवा लागला की पुढच्या वेळी तो लागायला जास्त घाव लागतात. म्हणजे स्टेटसचं हत्यार पूर्ण शिकारभर वापरण्यात हशील नाही. सुरुवातीला एकदोनदा काम साधायचं आणि मुख्य हत्यारावर परत यायचं. दुसरी जागा यासाठी फार सोयीची.

पायरी ४: चिलखत दोघांना चालतंय ना?

हत्यार बदलतं, चिलखत अंगावर तेच राहतं. वाइल्ड्समध्ये अटॅक बूस्ट, क्रिटिकल आय, गार्ड अशी कौशल्यं, म्हणजे ताकद वाढवणारे जादा गुण, हत्यारावर असतात, त्यामुळे ती हत्याराबरोबर बदलतात. वीकनेस एक्स्प्लॉइट, अ‍ॅजिटेटर यांसारखी चिलखतावर. म्हणून चिलखत दोन्ही हत्यारांना उपयोगी पडेल असं सर्वसाधारण ठेवा. एकाच हत्यारासाठी बेतलेलं चिलखत असलं की दुसरं हातात घेतल्यावर त्यातलं निम्मं वाया.

आता माझं मत, पटलं तर घ्या. अजून कॉम्बो, म्हणजे सलग घावांचे क्रम, बोटांत बसले नसतील तर दोन वेगळे प्रकार शिकण्याच्या भानगडीत पडू नका. एकाच प्रकारची दोन घ्या, पण एलिमेंट वेगळे: एक पाण्याचं, एक विजेचं. एका मोहिमेत दोन मॉन्स्टर असले की ही साधी जोडी भल्याभल्या जोड्यांना भारी पडते. भाच्याची कल्पना वाईट नव्हती, फक्त दोन्ही तलवारी एकाच गुणाच्या होत्या.

पायरी ५: बदलायचं कधी

सायक्रेटला बोलावणं, चढणं, बदलणं आणि उतरणं यात काही सेकंद जातात. मॉन्स्टर खाली पडून तडफडत असताना हे करू नका, ते सेकंद मारण्याचे. तो दुसऱ्या भागात पळायला लागला की पाठलाग करता करता बदला. त्याच वेळी सायक्रेटवर बसल्या बसल्या धारही लावून घ्या.

जोडीचा खरा हिशेब एका डावात दिसतो: लाइट बोगन (हलकी बंदूक) आणि ग्रेट सोर्ड. स्लीप, म्हणजे झोप आणणाऱ्या गोळ्या झाडणारी बोगन निवडा, तेवढ्या गोळ्या मारून मॉन्स्टर डुलकायला लागला की लगेच थांबा. एक जादा गोळीसुद्धा त्याला उठवते. तो आडवा झाला की घाई नाही. सायक्रेटवर बसा, तलवार काढा, उतरा, डोक्याशी उभे राहा आणि पूर्ण चार्ज करून सगळ्यात जड घाव घाला. झोपेतल्या मॉन्स्टरला पहिला जो मार बसतो त्यालाच जादा नुकसानाचा लाभ मिळतो. मोठे बॅरल बॉम्ब ठेवायचे असतील तरी हेच लक्षात घ्या: पहिला फुटणारा बॉम्ब की तलवार, हे आधी ठरवा.

ऑनलाइन चौघं खेळत असाल तर स्लीप गोळ्या भरण्याआधीच बाकीच्यांना सांगून ठेवा, ‘झोपला की कोणी हात लावायचा नाही.’ नाहीतर कोणीतरी ड्युअल ब्लेड्सवाला पळत येऊन शेपटीला टोचतो आणि जादा नुकसानाचा तो एकमेव घाव त्याच्याच चिमुकल्या पात्यावर खर्ची पडतो.