दोलकाचा प्रयोग शिकवताना या चुका टाळा

निष्पक्ष चाचणी शिकवायला दोरा, काही नट, पट्टी आणि स्टॉपवॉच एवढे पुरते, आणि बहुधा म्हणूनच दोलकाचा प्रयोग घाईने उरकला जातो. ‘एका वेळी एकच चल (म्हणजे बदलू शकणारी गोष्ट) बदला, बाकीची स्थिर ठेवा’ हे या चाचणीचे वाक्य घोकून घेतले की काम झाले, असे मानणारे पुष्कळ शिक्षक मी पाहिले आहेत; मीही त्यांतलाच होतो.

वस्तुमानामुळे दोलनकाल, म्हणजे दोलकाला एकदा जाऊन परत यायला लागणारा वेळ, बदलतो का, हे तपासायला मी एकदा मुलांना सांगितले. एका गटाने टांगण्याच्या बिंदूपासून 25 सेंटिमीटरवर एक नट बांधला. 10 दोलनांना सुमारे 10 सेकंद लागले. मग त्यांनी आणखी तीन नट दोन-दोन सेंटिमीटर अंतराने एकाखाली एक बांधले आणि वेळ साडेदहा सेकंदांच्या वर गेला. ‘जड दोलक सावकाश हलतो’ असा निष्कर्ष वहीत ठळक अक्षरांत उतरला. मी आधी स्टॉपवॉचला दोष दिला, नंतर मुलांच्या मोजण्याला. तिसऱ्यांदाही तेच आकडे आल्यावर पट्टी लावून पाहिली, तेव्हा चारही नटांचा मिळून मध्य तीन सेंटिमीटर खाली गेलेला आढळला. दोलकाची लांबी या मध्यापर्यंत मोजायची असते, त्यामुळे वस्तुमानाबरोबर लांबीही गुपचूप बदलली होती. मुलांचे मोजमाप अचूक होते. चाचणी निष्पक्ष नव्हती. तेव्हापासून मी सगळे नट एकाच हुकात, एकाच उंचीवर अडकवायला लावतो आणि प्रत्येक बदलानंतर लांबी पुन्हा मोजून घेतो, मग कोणी कितीही कुरकुर करो.

दुसरी चूक म्हणजे एकाच दोलनाची वेळ मोजणे. बटण दाबताना बोट सहज 0.2 सेकंद मागेपुढे होते. एका सेकंदाच्या दोलनात ही चूक फार मोठी ठरते, तर 10 दोलनांची वेळ मोजून 10 ने भागल्यास ती दहापट घटते. उतावळ्या मुलांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. वाटू द्यावा.

दोलक प्रत्येक वेळी सारख्याच, लहान कोनातून सोडावा. 60 अंशांवरून सोडल्यास दोलनकाल सुमारे 7 टक्क्यांनी वाढतो. उत्तर आधी सांगू नये, कारण मग आकडे त्या उत्तराकडे आपोआप सरकतात. न जुळणारी नोंद पुसण्याचा मोह तर सर्वांनाच होतो, म्हणून प्रयोग सुरू होण्यापूर्वी मी सगळी खोडरबरे माझ्या टेबलावर जमा करून घेतो.